शेवटचं फुप्फुस

माणसांचे श्वास हुंगणाऱ्या नासाभिंतीनं पहिल्याच चाचणीत गुन्हेगार पकडला, आणि तो दम्याचा रुग्ण निघाला.

"डॉ. उज्ज्वला तारळकर," लग्नात आहेर पुकारावा तशा आवाजात भिंत म्हणाली, "आपल्या श्वासात धूर आढळला. आपण या क्षणापासून पदमुक्त आहात. धन्यवाद."

श्वसन प्रयोगशाळेच्या सभागृहात चाचणी बघायला सरकारी समिती जमली होती. तारळकर बाई तिथल्या संचालक. बंदिस्त सार्वजनिक जागेत धूम्रपान करणाऱ्याला जागीच पदमुक्त करणारा नवा कायदा त्यांनीच भांडून आणला होता. उदबत्तीही सोसत नसल्यानं घरची पूजा त्या गॅलरीतून बघत. आत्ता त्यांनी समितीला फक्त "नमस्कार" म्हटलं होतं.

तिसऱ्या रांगेत सुहृद किणीकर बसला होता. भिंत त्यानं बनवली होती. थोड्या वेळापूर्वी शीतकक्षात फणसाच्या वासाचा वेप, म्हणजे ई-सिगारेटही त्यानंच ओढली होती. नंतर वाफ घेऊन फुप्फुसं धुतली की भिंतीच्या लेखी तो तान्ह्या बाळासारखा निर्मळ. शीतकक्षाची हवा जाळीतून बाईंच्या केबिनमध्ये जाते, हे त्याला माहीत होतं. त्यानं त्याचा विचार केला नव्हता, एवढंच.

"किणीकर, हे कसं शक्य आहे?" बाईंनी मागे वळून विचारलं.

"प्रत्येक फुप्फुसाच्या ओलाव्याची ठेवण वेगळी असते, मॅडम. धुराचा कण आत गेला की त्यावर ती उमटते. ती श्वासमुद्रा भिंत वाचते."

"आणि तोच कण पुढे दुसऱ्या कुणाच्या फुप्फुसात गेला तर?"

"आधीची मुद्रा पुसली जाते. शेवटच्या फुप्फुसाची तेवढी उरते."

"मग माझ्याआधीचं फुप्फुस कुणाचं?"

सुहृद उठला. "माझं. मी रोज—"

"बसा," समितीचे अध्यक्ष बेलसरे म्हणाले. "माणसाची साक्ष चालत नाही. भिंत म्हणेल तेच. शेजाऱ्यापाजाऱ्यांनी सूड उगवू नये म्हणून हे कलम घातलंय. तुम्हीच सुचवलं होतंत, साहेब."

सुचवलं होतं खरं. कॅन्टीनमधल्या दोघांनी त्याला शीतकक्षातून बाहेर पडताना पाहिलं होतं, त्याच आठवड्यात.

बाईंनी गळ्यातलं ओळखपत्र काढून टेबलावर ठेवलं. त्याची दोरीही नीट गुंडाळली. ते सुहृदला बघवेना. तो दूरच्या कोपऱ्यात गेला, खिशातून वेप काढला आणि सगळ्यांदेखत झुरका मारला.

"डॉ. सुहृद किणीकर, आपण या क्षणापासून पदमुक्त आहात. धन्यवाद."

त्याला क्षणभर हलकं वाटलं. ढग मात्र त्याच्यापाशी थांबला नाही. चाचणीसाठी दारं हवाबंद केलेली होती. बाईंना खोकला आला. भिंतीनं त्यांना पुन्हा पदमुक्त केलं आणि पुन्हा धन्यवाद दिले.

"अहो, यांना एकदा काढलंय ना?" बेलसऱ्यांनी विचारलं. विचारायला श्वास लागतो.

"श्री. वसंत बेलसरे, आपण या क्षणापासून—"

पुढच्या क्षणी अख्ख्या समितीनं नाकं दाबली. गाल फुगले. बेलसरे पदावरून गेले होते, तरी त्यांनीही दाबलं, सवय असते. दारं उघडा असं तोंडानं सांगायला कुणी तयार नव्हतं, सगळे नुसती बोटं नाचवत होते. मोकळा श्वास घेत होते ते बाई आणि सुहृद, दोघंच.

बाईंनी दम्याचा पंप ओढला आणि हवा हुंगली.

"फणस," त्या म्हणाल्या. "दिवाळीपासून येतोय हा वास. मला वाटायचं, कुणीतरी मला न देता खातंय."

सुहृदनं येऊन वेप त्यांच्या ओळखपत्राशेजारी ठेवला.

"पंपाचा डोस दोनदा वाढवला. डॉक्टर म्हणाले, मनाचे खेळ आहेत. मी मानलंसुद्धा." त्या खुर्चीवर बसल्या. "मघाशी तुम्ही काहीतरी सांगत होतात, किणीकर. सांगा. आता मध्ये कुणी बोलणार नाही."

लालबुंद समिती डोळे वटारून त्याच्याकडे बघू लागली. सुहृदनं दिवाळीपासून सुरुवात केली, आणि श्वास रोखलेल्या माणसांना परवडणार नाही इतक्या सावकाश, एकही दिवस न गाळता, तो सांगत राहिला.