लांबलेला दिवस

भय्यासाहेब पोतनीस सकाळी जिन्याखाली मरून पडलेले सापडले. तिजोरीतला हिऱ्यांचा शिरपेच नाहीसा झाला होता. कुलूप शाबूत होतं. पोलिसांनी भाडेकरूला, दिलीप मास्तरला, उचललं.

दोन दिवसांनी भय्यासाहेबांची मुलगी मंगला खासगी तपासनीस यज्ञेश्वर फणशांकडे आली.

"दिलीपशी माझं लग्न ठरलंय, काका. तो असं करणार नाही."

"तिजोरीची किल्ली?"

"देवाच्या तसबिरीमागे. घरच्यांनाच ठाऊक. मी, अण्णा म्हणजे माझे वडील, आणि चुलतभाऊ सुधाकर. मी त्या रात्री इंदूरला होते, आणि सुधाकर आज सकाळी लंडनहून आला."

फणशांबरोबर त्यांचा मित्र बापू निघाला. नवं राज्य होऊन त्याची कचेरी भोपाळला गेल्यापासून तो रिकामाच होता.

कोठडीत दिलीप म्हणाला, "जिन्यावर आवाज झाला. वाटलं, भय्यासाहेब उठले असतील. मी कूस बदलून झोपलो." बोलताना तो जमिनीकडे बघत होता. बापूला तो खोटा वाटला.

सुधाकर मात्र त्याला एकदम आवडला.

"काका गेले त्या रात्री मी लंडनलाच," सुधाकर म्हणाला. "सकाळी विमानात बसलो. साडेचार हजार मैल! मधले मुक्काम धरून मुंबईत सांताक्रूझला दुसऱ्या दिवशी पोचलो. मग रेल्वे."

"कंटाळला असाल," फणसे म्हणाले.

"अगदी! दिवस संपतच नव्हता. सूर्य तासन्‌तास समोर लोंबकळत होता, मावळायचं नाव नाही."

"काय नशीब असतं एकेकाचं," बाहेर आल्यावर बापू म्हणाला. फणसे देवास गेटकडे, तिथल्या लॉजांकडे वळले.

दुसऱ्या दिवशी त्यांनी पोतनीसांच्या घरी फौजदारांसमक्ष सगळ्यांना बसवलं.

"लंडनहून मुंबई पूर्वेला. पूर्वेकडे जाणारा माणूस रात्रीला सामोरा जातो, त्याचा दिवस आखडतो. मावळता सूर्य पाठीमागे राहतो. सुधाकररावांना तो समोर दिसला, न मावळता. असा दिवस पश्चिमेला जाताना मिळतो. म्हणजे आठवण खरी, पण लंडनला जातानाची. येताना ते विमानात नव्हतेच. बोटीनं आधीच मुंबईत उतरले असणार."

"हा तर्क झाला," सुधाकर म्हणाला.

"म्हणूनच विमान कंपनीला तार केली. तुमचं नाव प्रवाशांत नाही. आणि किल्लीची जागा ठाऊक असलेला, कुठे होता ते खोटं सांगणारा माणूस एकच उरतो."

दारातून देवास गेटचा लॉजवाला पुढे आला. "यही साहब. चार दिन दूसरे नाम से ठहरे थे."

सुधाकर खाली बसला. "मला फक्त शिरपेच हवा होता. काका जिन्यात आडवे आले. मी ढकललं."

बापूची नजर मंगलाकडे गेली. ती रडत नव्हती.

"अण्णा काही बोलले?" तिनं विचारलं.



"अंधारातही ओळखलं त्यांनी," सुधाकर म्हणाला. "'आलास का रे?' म्हणाले. जवळ घ्यायला हात पुढे केले. मला वाटलं, धरतायत."

मंगला उठली आणि दिलीपला आणायला चौकीकडे निघाली. बापू तिच्या मागून चालत राहिला.