गरम खूण

दादाची पिकअप सापडली तेव्हा तिच्यावर साधा ओरखडाही नव्हता. डोंगरातल्या रस्त्याच्या कडेला नीट उभी होती. हँडब्रेक ओढलेला, किल्ली जागेवर, मागचा माल जसाच्या तसा. फक्त दादा नव्हता. पोलिसांनी सगळा डोंगर पालथा घातला आणि शेवटी गाडी आमच्या ताब्यात दिली. माझ्या गॅरेजमागच्या पत्र्याच्या शेडमध्ये ती उभी राहिली. बॅटरीची वायर मीच काढून ठेवली.

वहिनी दुपारच्या यायच्या आणि गाडीशेजारी स्टूल घेऊन बसायच्या. एक दिवस म्हणाल्या, "भाऊजी, मला त्या रस्त्यावर घेऊन चला. याच गाडीतून."

"कशाला वहिनी? सगळं शोधून झालंय."

"पोलिसांचं झालंय. माझं नाही."

नाही म्हणायला जीभ रेटली नाही. मी गाडी तपासायला घेतली. ऑटोमॅटिक गिअरच्या गाडीत गिअरबॉक्सचं ऑइल बघायची एक रीत असते. गाडी सपाटीला उभी करून इंजिन चालू ठेवायचं, गिअरची दांडी प्रत्येक खाचेतून फिरवून परत पार्कवर आणायची. मग डिपस्टिक, म्हणजे ऑइल मोजायची पट्टी, काढून पुसायची, पुन्हा आत घालून काढायची आणि बघायची. पट्टीवर दोन खुणा असतात. खालची थंड ऑइलची, वरची गरम ऑइलची. बॅटरी जोडण्याआधी एकदा पट्टी पुसून घ्यावी म्हणून मी ती ओढली आणि बोटं झटकली.

चटका बसला होता.

इंजिनावर तळवा ठेवला. गार दगड. हे ऑइल गाडी चांगली पळल्याशिवाय तापत नाही, आणि ही तर कित्येक दिवस जागची हललेली नव्हती. ऑइल खालच्या खुणेच्याही खाली गेलेलं. वास करपलेला, भरलेली गाडी चढावर रेटली की येतो तसा. खाली वाकून पाहिलं, तर फरशी कोरडी ठणठणीत.

नरसाळं लावून मी ऑइल खुणेपर्यंत भरलं आणि शेडला कुलूप घातलं. दुसऱ्या दिवशी पाहतो तर पट्टी पुन्हा गरम, ऑइल पुन्हा कमी.

मी काही बोलणार नव्हतो. पण बोटांवर फुंकर मारताना वहिनींनी मला पाहिलं. त्यांनी पट्टी माझ्या हातातून घेतली आणि चिमटीत धरून ठेवली. चटका बसत असणारच, पण सोडली नाही.

"ते चालवतायत," त्या म्हणाल्या.

"वहिनी, गाडी इथे उभी आहे. तुमच्यासमोर."

"मग ही गरम का?"

गिअरबॉक्स खोलण्यात माझं अर्धं आयुष्य गेलं. मी पट्टी त्यांच्या चिमटीतून सोडवली आणि परत आत सरकवली.

त्यानंतर निघायची भाषा बंद झाली. मी सकाळी ऑइल भरायचो, संध्याकाळी भरायचो. गिऱ्हाइकांच्या गाड्या तशाच पडून राहिल्या. ऑइलचा लाल रंग तपकिरी झाला, मग काळा. आता आतल्या प्लेटा जळणार, गिअर निसटणार आणि गाडी असेल तिथे थांबणार, हे मला कळत होतं. 'असेल तिथे' म्हणजे कुठे, हा प्रश्न मी स्वतःला विचारत नव्हतो. सगळं जुनं ऑइल सोडून नवं भरावं म्हणून मी पाना घेऊन गाडीखाली शिरलो. वहिनी मागोमाग सरपटत आल्या आणि त्यांनी माझं मनगट धरलं.

"सगळं काढू नका, भाऊजी. आत्ता चढावर असले तर?"

मी पाना खाली ठेवला.

मग थोडं काढायचं, थोडं भरायचं, असं सुरू झालं. काळेपणा जरासा उतरला. वहिनी पहिल्यांदा डबा उघडून जेवल्या.

आणि एका दुपारी ऑइल गरम खुणेच्या कितीतरी वर चढलेलं दिसलं.

मी भरलं नव्हतं. वहिनींनीही नाही.

ऑइल जास्त झालं तरी वाईटच. फेस येतो, गिअर पकडत नाही. डिपस्टिकच्या नळीतून बारीक पाइप घालून मी हातपंपाने उपसायला लागलो. बाटलीत गुलाबी, दुधाळ पातळ काहीतरी जमा झालं. हा रंग गिअरच्या कुठल्याही मेकॅनिकला झोपेत ओळखू येईल.

"हे काय?" वहिनींनी विचारलं.

"पाणी शिरलंय."

"कुठलं पाणी?"

मी पंप मारत राहिलो. पाइप थंडगार पडला होता. बाटली भरली. बादली घेतली. जितकं काढावं तितकं वर येत होतं. गुलाबी छटाही गेली, आता नुसतं गढूळ पाणी.

"मारा भाऊजी, थांबू नका!"

माझे हात भरून आले. वहिनींनी पंप ओढून घेतला. त्या रडत नव्हत्या. दात आवळून दांडा दाबत होत्या.

मग पाइपातून नुसती हवा आली.

पट्टी काढली. कोरडी. थंड.

मी ती पुसून पुन्हा आत घातली.

तेवढ्यात वहिनी किंचाळल्या. "भाऊजी, काच बघा!"

ड्रायव्हरच्या बाजूची काच पूर्ण खाली होती. सकाळी ती बंद होती, हे आम्हा दोघांनाही पक्कं ठाऊक होतं.

"बाहेर पडले ते! काच उघडून बाहेर पडले!" त्या हसत होत्या, आता रडतही होत्या. "गारठून येतील. मी पाणी तापत ठेवते." आणि त्या धावतच शेजारच्या माझ्या घराकडे गेल्या.

मी खिडकीतून आत वाकलो.

ड्रायव्हरच्या सीटचा पट्टा लावलेला होता. मध्ये एका माणसाएवढी जागा सोडून, छातीवर बसावा तसा ताणलेला.

घरातून स्वयंपाकघरातल्या नळाचा आवाज येत होता.