पोलंडकार

हळर्णच्या जत्रेत दर वर्षी गावकऱ्यांचं नाटक असतं. त्याच त्या राजांना मी कंटाळलो होतो. म्हणून पंचाहत्तर साली, मराठीचा मास्तर या नात्याने, पोलंडच्या सेनापतीवर नाटक लिहिलं. झुल्केव्स्की. साडेतीनशे वर्षांपूर्वी तुर्कांपुढे माघार घेताना सत्तरी ओलांडलेल्या या सरदाराने घोडा नाकारला. शिपाई पायी, तर मीही पायी, असं म्हणून तो त्यांच्यातच मेला. त्याचं काम केलं माझ्या धाकट्या भावाने, जयरामने. तो डिचोलीच्या खाणीवर ट्रक चालवायचा.

पडद्याआधी गावाच्या वतीने देवाशी बोलणाऱ्या धाकूबाबांनी देवळासमोर गाऱ्हाणं घातलं. ते परदेशी नाव त्यांच्या जिभेवर बसेना. आमच्याकडे परक्याला गावावरून हाक मारतात, तशीच त्यांनी मारली.

"बा म्हाराजा! हो पोलंडकार पावणो इल्लो आसा. तेका नि तेच्या माणसांक गावच्या शिमेत जागो दी!"

"व्हय म्हाराजा!" सगळे ओरडले. मी तर हसतच होतो.

दुसऱ्या दिवशी जयराम ट्रकजवळ नुसता उभा राहिला. आत चढेना.

"माजी माणसां चलत आसत," तो म्हणाला. "मी कसो बसू?"

आणि डिचोलीची वाट चालू लागला. नाटक डोक्यात चढलंय, मी म्हटलं. पण एका माणसाच्या मागे उडावी त्याहून कितीतरी जास्त लाल धूळ उडत होती. घरी पानावर बसला की आधी विचारायचा, "माणसां जेवली?" खाणीवरून निरोप आला, सोमवारी गाडी आली नाही तर दुसरा ड्रायव्हर ठेवतो.

मी धाकूबाबांवर भडकलो. काय करून ठेवलंत हे? परत पाठवा त्या पोलंडकाराला!

"शिमेत जागो दिलो रे तेका," ते खाली बघत म्हणाले. "आता भायर कसो घालू?"

सोमवारी सकाळी जयराम पुन्हा पायीच निघाला. त्याची बायको देवकी आडवी आली. बिचारी रडून रडून थकली होती.

"मगे तेंकाय घेवा हौद्यात!" ती किंचाळली. "पण गाडी काढा!"

जयरामचा चेहरा उजळला. किती दिवसांनी हसला तो! मागे जाऊन त्याने हौद्याचं फळकं उघडलं आणि थांबला.

रिकाम्या ट्रकच्या स्प्रिंगचे पाटे हळूहळू दबू लागले.

टायर चेपले.

फळकं लावून तो आत चढला. देवकीने दार धरलं. "अवो, उतरा," ती पुटपुटली. "नको. उतरा."

त्याने तिच्याकडे पाहिलंच नाही.

"सगळे इले मां?"

हौद्याच्या पत्र्यावर आतून दोन थापा पडल्या.