दोन कान, एक शेपूट

कंडक्टरबाईच्या बुटाचा तळ भर चौकात सुटला आणि जिभेसारखा लोंबू लागला. तिची ड्युटी संपली होती, बस डेपोकडे निघून गेली होती आणि वरून पाऊस... मोठा नाही, पण चुकवताही येणार नाही असा. एका पायावर उड्या मारत ती समोरच्या दुकानाच्या पायऱ्या चढली आणि पाहते तो काय, दुकान बुटांचंच!

“देव आहे,” ती धापा टाकत म्हणाली.

“आहे, पण आज सुट्टीवर गेलाय. माझ्यावर भागेल का?”

आवाज वरून आला. छताला टेकलेल्या खोक्यांच्या भिंतीला एक शिडी लावलेली होती आणि शिडीवर एक तरुण दुकानदार. काखेत एक खोकं, कानामागे पेन्सिल. तो खाली उतरला, तिला स्टुलावर बसवलं आणि स्वतः गुडघ्यावर बसून तिचा ओला पाय लाकडी मापावर ठेवला.

“दिवसभर उभ्याचं काम दिसतंय,” तो म्हणाला.

“अगंबाई! पायावरून कळतं?”

“पायावरून कुठलं! खांद्याला तिकिटाचं यंत्र लटकतंय ना.”

ती इतक्या मोठ्यानं हसली की तो मान वर करून पाहतच राहिला. आणि मग घाईघाईनं पुन्हा माप पाहू लागला – जणू तिचा पाय एवढ्यात वाढला असेल.

तिला बिननाडीचे काळे बूट पसंत पडले. दुकानाच्या मागच्या भिंतीत एक छोटी खिडकी होती. त्यानं बूट आत सरकवले, आणि थोड्या वेळानं दोरीनं बांधलेलं खोकं त्याच खिडकीतून बाहेर आलं. तिचं तिकडे लक्ष नव्हतं. ती पेन्सिल अडकवलेल्या कानाकडे बघत होती.

लक्ष गेलं ते खोलीवर पोचल्यावर. खोकं मांडीवर घेऊन तिनं दोरी ओढायला हात पुढे केला आणि तो तसाच राहिला.

गाठ साधी नव्हती. दोन फासे वर उभे, कानांसारखे. तिसरा बाजूला लोंबता, शेपटीसारखा. ही गाठ तिला ठाऊक होती. ठाऊक कसली, तिनंच ती काढली होती! तेव्हा ती सात वर्षांची होती, अनाथाश्रमाच्या पायरीवर बसलेली, आणि तिचा भाऊ चार वर्षांचा. कुणीतरी दिलेले मोठ्या मुलाचे बूट त्याच्या वाट्याला आले होते. त्यांच्या नाड्या नेहमीसारखे दोन फासे करूनही लांबच्या लांब उरायच्या आणि तो त्यांत पाय अडकून तोंडावर आपटायचा. मग तिनं उरलेल्या नाडीचा तिसरा फासा केला आणि त्याला सांगितलं, हे मांजर. पुढे तोच रोज तिनं रचलेलं गाणं म्हणत आपल्या हातानं मांजर बांधू लागला. जगात आणखी कुणाला ही गाठ येण्याचं कारण नव्हतं. शहाणी माणसं नाडी कापून टाकतात.

मग एका घरानं भावाला दत्तक घेतलं, नंतर दुसऱ्यानं तिला. तिच्या आईबाबांनी तिला काही कमी पडू दिलं नाही. भाऊ होता हे त्यांना फार उशिरा कळलं, आणि त्याची चुटपुट आई अजून बोलून दाखवायची. पुढे आश्रमात पुराचं पाणी शिरलं, जुने कागद वाहून गेले. नोकरी लागल्यावर तिनं मुद्दाम आश्रमाच्या याच शहरात बदली मागून घेतली, आणि तेव्हापासून तिकीट देताना ती तरुण प्रवाशांच्या तोंडाकडे जरा जास्तच निरखून पाहायची. त्यातल्या दोघातिघांनी भलताच समज करून घेतला होता.

दुसऱ्या दिवशी ती दुकानात शिरली ती दोरी मुठीत धरूनच.

“बूट चावले?” दुकानदारानं काळजीनं विचारलं.

“नाही हो. ही गाठ... किती सुंदर आहे! कुणी बांधली?”

तिचे डोळे भरून आले होते, नुसते चमकत होते. आता असे डोळे करून एखादी मुलगी समोर उभी राहिली, तर कुठला तरुण खरं बोलेल?

“मीच,” तो म्हणाला.

ती मटकन स्टुलावर बसली.

आनंदानं नाचायला हवं होतं. वीस वर्षं जो भाऊ शोधला तो समोर उभा होता, कानामागे पेन्सिल खोचून! पण काल त्यानं मान वर करून पाहिलं तेव्हापासून मनात एक चोरटी गुदगुली शिरून बसली होती. ती आता ठेवायची कुठे?

“वय काय तुमचं?” तिनं चाचरत विचारलं.

“दिसतं तेवढंच,” तो लाजून म्हणाला. दिसत तर तो कोवळाच होता.

“घरी कोण कोण असतं?”

“आई, मी आणि धाकटा भाऊ.” ही चौकशी कुठल्या वळणानं चालली आहे याबद्दल त्याच्या मनात आता शंका उरली नव्हती. त्यानं शर्टाची कॉलर नीट केली. “दुकान आमचंच आहे. वर राहतो. मला व्यसन कसलंच नाही.”

“ते नव्हतं विचारलं... तुम्ही आईसारखे दिसता की बाबांसारखे?”

“कुणासारखाच नाही! आई म्हणते, तुला जुन्या कपड्यांच्या बदल्यात घेतलाय.”

हे तर सगळ्याच आया म्हणतात. पण तिचा चेहरा पडला.

तरी ती येत राहिली. कधी पॉलिश, कधी ब्रश, आणि नाड्या तर दर दोन दिवसांनी. खरं काय ते विचारायचं म्हणून यायची आणि न विचारताच जायची. आणि तो दिवसेंदिवस जास्तच चांगला होत चालला होता, हा दुसरा ताप. म्हाताऱ्या गिऱ्हाइकांच्या पायांत स्वतः बूट चढवायचा. ती आली की शिडीवरून उतरताना एक पायरी गाळायचा.

“मिळाला म्हणतेस, मग रडतेस कशाला?” फोनवर आईनं विचारलं.

“आई, तो फार चांगला आहे गं.”

“मग चांगलंच झालं की.”

“फारच चांगला आहे, आई.”

पलीकडे टीव्हीचा आवाज बंद झाला. मग हळूच, “अगंबाई!... हे बघ, आधी खात्री करून घे. नुसत्या गाठीवर जीव टांगू नकोस.”

दुसऱ्या दिवशी दुपारी दुकानात कुणी नव्हतं. तिनं नाड्यांची एक जोडी काउंटरवर ठेवली. “तुमची ती गाठ बांधून दाखवा.”

“आत्ता?”

“आत्ता.”

त्यानं नाडी घेतली. एक फासा झाला. दुसरा झाला, तर पहिला सुटला. तिसऱ्यात त्याची करंगळी अडकली. कपाळावर घाम आला. शेवटी नाडीचा जो काही गोळा झाला, त्याला कान नव्हते, शेपूट नव्हतं, तोंडही नव्हतं.

“हे काय आहे?” तिनं विचारलं.

“खोटं बोललो,” तो मान खाली घालून म्हणाला. “तुम्ही इतक्या कौतुकानं बघत होता... मला साधी सुरगाठसुद्धा धड येत नाही. बुटांच्या दुकानात जन्म गेला आणि मी स्वतः चपला घालतो.”

ती हसू लागली. हसता हसता रडू लागली. दुकानदार घाबरून पाण्याचा ग्लास, रुमाल आणि काय सुचेल ते आणू लागला.

“इतकं वाईट वाटलं?”

“वाईट? अहो, आयुष्यात कुणाचं खोटं मला इतकं आवडलं नव्हतं! मग कोण बांधतं ती?”

“बारक्या. माझा भाऊ. मागच्या खोलीत असतो, दुरुस्त्या करतो, खोकी बांधतो.”

“सख्खा?”

त्याचा चेहरा एकदम बदलला. “आमच्या घरात हा प्रश्न कुणी विचारत नाही,” तो शांतपणे म्हणाला.

“मला विचारायलाच हवा हो. रागावू नका.” तिनं तो नाडीचा गोळा हातात घेतला. “मला एक भाऊ होता. चार वर्षांचा. ही गाठ मी त्याला शिकवली होती.”

दुकानदार तिच्याकडे पाहत राहिला. मग बाजूला झाला आणि त्यानं मागच्या खिडकीकडे बोट केलं.

ती खिडकीशी वाकली. आत हातोडीची ठकठक चालू होती. विचारायचं असं कितीतरी होतं, पण तोंडातून आलं ते आश्रमाच्या पायरीवरचं गाणं.

“एक कान... दोन कान...”

ठकठक थांबली. मग एक घोगरा, पुरुषी आवाज, स्वतःशीच बोलल्यासारखा:

“शेपूट ओढ... मांजर छान.”

खिडकीशेजारचं दार उघडलं आणि बारक्या वाकून बाहेर आला, कारण न वाकता तो दारात मावला नसता. तिला आठवत होता तो कमरेएवढा. हा ताडमाड, मिशीवाला, कातडी ॲप्रन घातलेला, दोन्ही हात हवेत धरून उभा.

“ताई? तू खरंच आहेस? मला वाटायचं, हे गाणं मी स्वप्नात ऐकलंय...”

ती पुढे धावली.

“थांब, थांब! हाताला खळ लागलीय, चिकटेल!”

“चिकटू दे!”

आवाज ऐकून दोघा भावांची आई जिन्यावरून खाली आली आणि मधल्याच पायरीवर थांबली. तिला कुणी काही सांगितलं नाही, सांगावं लागलंही नाही. तिनं जिन्याचा कठडा घट्ट धरला.

“घेऊन जाणार का गं त्याला?”

“एवढा मोठा कुठे नेऊ, काकू?” डोळे पुसत ती म्हणाली. “माझ्या खोलीत आडवा झाला तर पाय जिन्यात येतील!”

आई हसली, आणि मगच तिचा हात कठड्यावरून सुटला. “वर या सगळे. आणि तू, दुकान बंद कर आज. बघत काय उभा राहिलायस?”

हे थोरल्याला होतं. तो खरंच नुसता उभा होता.

पुढचे रविवार तिचे त्या वरच्या घरात जाऊ लागले. तिचे आईबाबाही येऊन गेले. बारक्याला किती बघू आणि किती नको असं त्यांना झालं. दोघी आया स्वयंपाकघरात बसून आपापल्या पोरांच्या खोड्या एकमेकींना सांगत बसल्या, त्या बस सुटायची वेळ झाली तरी उठेनात. सगळं कसं दृष्ट लागण्यासारखं. एकच गोष्ट बिघडली.

दुकानदार तिला ताई म्हणू लागला.

“या ताई, बसा.” “ताई, छत्री घेऊन जा.” प्रत्येक वेळी तिच्या काळजात खडा टोचावा तसं व्हायचं. पेन्सिल तीच, हसणं तेच, पण तो शिडीवरून आता सावकाश, एकेक पायरी उतरायचा.

एका दुपारी तिनं त्याला शिडीवरच गाठलं. नुकताच पाऊस उघडून दारातून लख्ख ऊन आत आलं होतं.

“परत म्हणून दाखवा.”

“काय?”

“ताई.”

तो एक पायरी वर सरकला. “बारक्या म्हणतो म्हणून...”

“बारक्या माझा भाऊ आहे. तुम्ही माझे कोण?”

“भावाचा भाऊ.”

“त्याला काय म्हणतात?”

“...भाऊच म्हणत असतील.” मग हातातलं खोकं उगाच उलटंपालटं करत तो म्हणाला, “तुम्ही गाठीसाठी येत होता. मी खुळा, मला वाटलं...”

“पहिल्या दिवशी बुटांसाठी आले, दुसऱ्या दिवशी गाठीसाठी. पुढे एवढ्या नाड्या कशासाठी घेतल्या असतील? माझ्या बुटांना नाडी आहे का, बघा तरी!”

त्यानं वाकून पाहिलं. खरंच नव्हती. त्याचे कान लाल झाले. पण लगेच तो गंभीर झाला.

“ऐका. बारक्या तुम्हाला किती वर्षांनी सापडला. उद्या आपलं दोघांचं बिनसलं, तर त्यानं कुणाच्या बाजूनं उभं राहायचं? तुमचा भाऊ पुन्हा तुटेल... माझ्यामुळे. त्यापेक्षा ताई बरी.”

तिच्या मनातही रात्रंदिवस हेच होतं. तिनं शिडीचा दांडा धरला.

“मलाही भीती वाटते. पण अशी भीत बसले असते तर मी त्याला शोधायलाच निघाले नसते. सापडेल की नाही, सापडला तर ओळखेल की नाही... तरी आलेच ना? आणि मला तुम्ही आवडता. भावाचे भाऊ व्हायच्या आधीपासून.”

मागच्या खोलीतून आवाज आला, “तुम्ही भांडलात तर मी आईच्या बाजूनं! ठरलंय आमचं! आता कुणीतरी लवकर हो म्हणा, मला बाहेर यायचंय!”

“तू आतच थांब!” दोघं एकदम ओरडली.

दुकानदार उतरू लागला. एक पायरी गाळली, मग दुसरीही, आणि खोक्यासकट तो तिच्या पुढ्यात जमिनीवर येऊन बसला.

“लागलं?”

“नाही... हो. म्हणजे, तुमच्या प्रश्नाला हो.”

“मी प्रश्न कुठे विचारला?”

“मग मी विचारतो,” तो खालीच बसून म्हणाला. “माझ्याशी लग्न करशील?”

तिनं उठवायला हात दिला. तो उठला, पण हात काही कुणी सोडला नाही. तेवढ्यात दारात एक म्हातारे गृहस्थ छत्री मिटत उभे राहिले.

“सोड ना,” ती कुजबुजली. “गिऱ्हाईक आलंय.”

“बसा काका,” तिच्यावरची नजर न काढता तो म्हणाला. “जरा वेळ लागेल.”