आतली बाजू

दार कुणाचं, हे विचारायची धम्मदीपची पद्धत नव्हती. सिंदी मेघेतल्या त्याच्या दुकानात जुनी सागवानी दारं यायची आणि टीपॉय होऊन जायची. वडनेरच्या रूपरावचं दार मात्र त्यानं उलटवलं आणि त्याचा हातच थांबला.

कडी फक्त बाहेरून. आतल्या बाजूला नखांचे ओरखडे. एकावर एक, खोल.

"रूपरावजी, हे काय हाये?"

"गोठ्याचं दार हाये ते. रंधा मार अन् साफ कर."

"गायीले बोटं असतात काय?"

रूपराव रुमालानं मान पुसत राहिला. "मायचं डोकं फिरलं होतं बावा. बाहेर पळे. कोंडून नाई ठेवाव तं काय कराव? आता गेली ना ती. तू तुयं काम कर." आणि गाडीत जाऊन एसी लावून बसला.

अरे, माय होती का ढोर होतं? धम्मदीपच्या तळपायाची आग मस्तकात गेली. रंधा तर तो मारणारच नव्हता. ओरखडे बरोब्बर मधोमध आणायचे. ठेव म्हणावं रोज त्यांच्यावर चहा!

खिळ्याचं भोक वरून दिसू नये म्हणून टीपॉयचा गोल नेहमी मागच्या बाजूनं कापतात. त्यानं ओरखडे खाली करून दार दोन लाकडी घोड्यांवर आडवं ठेवलं. पट्टीचं एक टोक खिळ्यानं दाराच्या मधोमध ठोकलं, दुसऱ्या टोकाला लाकडात चर पाडायचं राऊटर मशीन कसलं आणि खिळ्याभोवती फिरवायला लागला. चर खोल होत गेली. भुसा जमिनीवर साचला. सागवानाचा वास येईना. कोंदट, मुताचा, बंद खोलीचा वास यायला लागला.

शेवटच्या फेरीला गोल तुकडा खाली पडतो. हा वर उचलला गेला.

त्यानं बटण बंद केलं. खिळा उपसून तुकडा उलटा केला.

आतली बाजू गुळगुळीत. एक ओरखडा नाही.

धम्मदीपला रडूच आलं. बिचारीची तेवढीच तर खूण उरली होती!

मग त्याला खाली भुशात पावलं दिसली. अनवाणी, लहानशी, एक पाय ओढत गेलेली. दुकानातून बाहेर, थेट रूपरावच्या गाडीच्या मागच्या सीटच्या दारापर्यंत.

रूपराव गाडीतून उतरून आला आणि त्यानं गोलावरून हात फिरवला. "वा! केलं ना साफ शेवटी?"

"म्या नाई केलं."

गोल डिक्कीत गेला. रूपराव गाडीत बसला. पावलांचं सांगावं म्हणून धम्मदीपनं तोंड उघडलं, आणि मिटून घेतलं.

काच वर गेली. चारही दारांचे लॉक आतून टक्कन बसले.