मागच्या पायांचे ठसे

पिंजरा उघडा होता, अस्वल नव्हते. साखळी मात्र खुंटीवर शिस्तीने टांगलेली होती. वर काचेत सरकारी दाखला होता : पंजे निरोगी. पशुवैद्य नेवेनाने त्याकडे पाहणे टाळले.

"चोरी," सर्कशीचा मालक कामेन म्हणाला. "आम्ही जेवत होतो तेवढ्यात. डॉक्टरीणबाई, चोरीचा शेरा मारा, पोलीस हुडकून आणतील. उद्या त्या अस्वलीला, बिस्राला, शिकारवाडीवर धाडायचंय. पाहुणे बंदुका पुसत बसलेत."

ती वाकली. चिखलात मागच्या फाटकापर्यंत अस्वलाचे ठसे होते, पुढे ट्रकच्या चाकांचे. पुढच्या पंजांचा ठसा एकही नव्हता. उमटलेले मागचे तळवे जुन्या व्रणांसारखे गुळगुळीत, मध्ये भेगाळलेले.

"साखळीवाचून ती कोणामागे जाते?"

"कुणामागंच नाही. चावते."

"जेवताना काही ऐकलंत?"

"गदुलका. एकच चाल, शेवटी दुरून आल्यासारखी. वीट आणला."

म्हातारा वादक लाझो तंबूमागे बसला होता. मांडीवर गदुलका, सारंगीची गरीब बहीण.

"काका, आज वाजवलंत?"

"छे गं पोरी. बोटं गेली. चार वर्षं गजाला हात नाही."

त्याच्या बाहीवर गजाला घासायच्या राळेची ताजी भुकटी होती.

नेवेना शेजारी बसली. "चुकलं तर टोका. पिल्लाला तापल्या पत्र्यावर उभं करायचं नि एकच चाल वाजवायची. पोळतं तसं ते पुढचे पाय उचलतं. पुढं पत्रा लागत नाही, चाल पुरते. बिस्राला त्या चालीची सवय तुम्हीच लावलीत. आज तिच्यापुढं वाजवत तुम्ही फाटकापर्यंत गेलात. शिकारीतून वाचवायला, म्हणजे ट्रक अभयारण्याचा."

लाझोने शेजारचा गज हातात घेतला.

"मध दाखवला, भाकर दाखवली. येईचना. मग तेच वाजवलं. सगळी वाट थरथरत होती माझी बाय." त्याने गज खाली ठेवला. "माझं नाव लिही. ट्रक तेवढा अडवू नका. संध्याकाळी पोचेल."

ती पिंजऱ्यापाशी परतली आणि लिहू लागली.

"मग, चोर कोण?" कामेनने विचारले.

"चोरी नाही, जप्ती. तळवे भाजलेले आहेत, ठसे साक्षीला आहेत. अस्वल मी सरकारी ताब्यात घेतलंय. ते कुठं ठेवायचं ते मी ठरवते."

कामेन हसला. त्याने काचेवर बोट टेकवले. "हा दाखला? पंजे निरोगी. तुमचीच सही, बाई. नोकरी जाईल."

"अकरा वर्षांपूर्वी तुमच्या टेबलावर चीज भरलेली गरम बानित्सा होती," नेवेना म्हणाली. "ती खातच सही केली. पंजे बघायला मी उठलेच नाही."

अहवालात 'दोषी' या रकान्यात तिने दोन नावे लिहिली. पहिले काचेतल्या सहीचेच होते, कामेनचे दुसरे.