कोपरापुरती रतन

मांडव्याच्या धक्क्यावर शिवदास फोटो काढत होता तो कोंबडीचा! टोपलीतून मान बाहेर काढून लाँचची वाट पाहणारी ती कोंबडी त्याला भारीच आवडली होती. त्याने कॅमेऱ्याची कळ दाबली आणि नेमकं तेव्हाच कुणाचं तरी कोपर मध्ये आलं.

"आमच्या कोंबडीचा फोटो काढताय, मास्तर? तिला इचारलंत काय?"

शिवदास धक्क्यावर तिकिटं द्यायचा, म्हणून सगळ्यांचा मास्तर. कॅमेरा हा त्याचा नाद. वाळत घातलेली जाळी, दोरखंडावर झोपलेलं कुत्रं, असलं काहीबाही तो टिपत बसायचा. रोल लाँचच्या सारंगाबरोबर मुंबईला जायचा आणि धुऊन यायचा. या खेपेला कोंबडी हलली होती; कोपर मात्र स्वच्छ आलं होतं.

"म्हंजे मी कोपरापुरतीच?" फोटो बघून रतन खळखळून हसली. रावजींची ही लेक वाडीतली भाजी घेऊन धक्क्यावर यायची.

मग दर रोलमध्ये ती थोडी थोडी येऊ लागली... कधी नुसती वेणी, कधी ओल्या वाळूवरची सावली. कॅमेरा वर झाला की तोंड मात्र फिरवायची.

"एकदा इकडे बघ ना..."

"तोंड पायजे तर आमच्या बाबाकडं नीट मागाय लागतं, मास्तर!"

शिवदासला कळलं नाही असं नाही. त्याचे कान लालेलाल झाले. जात एक, घरचंही कुणी आडवं आलं नसतं. पण स्वारी महाभिडस्त! शिमगा होऊ दे, मग विचारू. पगार वाढू दे, मग विचारू. रतन वाट पाहत राहिली, आणि हा भला माणूस कुत्र्यांचे फोटो काढत राहिला.

एके दिवशी रावजीच आले. "मास्तर, रतनला मुंबयचं स्थळ आलंय. पोराला फोटो पायजे. तुमीच काढा, तुमच्याम्होरं ती बुजायची न्हाय."

नाही म्हणायलाही त्याला जमलं नाही.

अंगणात रतन नवं लुगडं नेसून उभी राहिली. रावजी पाणी आणायला आत गेले.

"हस ना जरा."

"कुनाकडं बघून हसू?"

"माझ्याकडे..."

ती हसली — अशी हसली, की शिवदास कळ दाबायचंच विसरला.

"आनखी काय सांगायचंय, मास्तर?" तिने हळूच विचारलं.

शब्द अगदी ओठांवर आले होते.

"हलू नकोस," तो म्हणाला.

इतका सुरेख फोटो त्याने आयुष्यात काढला नव्हता, आणि तोच त्याला नडला. स्थळाने बघताक्षणी होकार कळवला.

लग्नानंतर जोडपं धक्क्यावर आलं. नवऱ्याने कौतुकाने खिशातून फोटो काढून दाखवला. "अशी हसणारी पोर हातची कोण घालवील, सांगा मास्तर!"

शिवदासने खाली मान घालून दोन तिकिटं फाडली.

नवरा ट्रंक चढवायला गेला. रतन तिकिटाच्या खिडकीशी थांबली.

"हलू नको म्हनलात. न्हाय हलले मी." तिचे डोळे भरून आले. "पन मास्तर, तुमी बी जागचं हलला न्हाय."

लाँच सुटली. रतनचं तोंड असलेला एकुलता एक फोटो नवऱ्याच्या खिशातून मुंबईला गेला. शिवदासपाशी उरलं एक कोपर, एक वेणी... आणि ओल्या वाळूवरची सावली.